बंदुकीवाचूनचा नेम

लीड्समधले आमचे शेजारी डॉक्टर नेने कुणाकडे दोन डोळ्यांनी बघत नसत. कोटाच्या खिशातून पितळेची चकती काढायची, एका डोळ्याला लावायची, दुसरा मिटायचा आणि मधल्या बारीक भोकातून समोरचा माणूस न्याहाळायचा.

"हं, आता दिसलात!"

ही चकती म्हणजे नेमबाजीच्या जुन्या रायफलवरची, भोकातून नेम धरायची साइट. अशा साइट्सनी त्यांचे ड्रॉवर भरले होते. रायफल मात्र एकही नाही. बाथटबमधला कोळीसुद्धा हा गृहस्थ पेल्यात धरून बागेत सोडायचा.

"अहो, दार नाही, कुलूप नाही, नुसती किल्लीची भोकं जमवताय!" मी म्हणायचो.

"रायफल नुसती ओरडते हो. अक्कल सगळी हिच्यात!"

रविवारी कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तिथे, जायचं, कुणाच्या तरी खोक्यातला गंजका तुकडा उचलायचा, नखानं मळ खरवडायचा आणि निकाल द्यायचा, "व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. स्क्रू मात्र मागाहून कुणा गाढवानं बसवलाय." विकणारा बिचारा तिला दाराची कडी समजत असे.

"समई घासा म्हटलं की ह्यांची कंबर दुखते," सुशीलावहिनी म्हणायच्या. "ही गंजकी भुतं मात्र टूथब्रशनं घासतात. तोही माझ्या!"

डॉक्टरांना एकाच साइटचा ध्यास होता. लाकडी पेटीतली, लांब पल्ल्याची, मखमलीवर झोपलेली. नव्वदच्या दशकात एका दुपारी मी त्यांच्याकडे चहाला असताना हॅरल्ड नावाचा त्यांचा संग्राहक मित्र तीच घेऊन दारात उभा राहिला.

"स्वॅप, डॉक? तुझी ती सहा भोकांची चकती दे, ही घे."

डॉक्टरांनी पेटी उघडून मखमलीवरून हात फिरवला. मग त्यांनी पेटी मिटली.

"सॉरी, हॅरल्ड. ती चकती सध्या कामावर आहे."

हॅरल्ड पेटीसकट परत गेला. मी कपाळाला हात लावला आणि चहाचे कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो.

खिडकीपाशी वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांची नजर धूसर होत चाललेली मला ठाऊक होती. चष्मे बदलून त्या थकल्या होत्या. आज चष्म्याच्या एका काचेवर काळा कागद होता आणि दुसऱ्या काचेच्या जागी ती सहा भोकांची चकती. वहिनींनी बोटानं ती फिरवून भोक बदललं. टिक.

"ह्यांनी सगळे ड्रॉवर माझ्या डोळ्याला लावून पाहिले," त्या म्हणाल्या. "हीच एक लागू पडली. बारीक भोकातून स्पष्ट दिसतं."

डॉक्टर मागून आले. वहिनींनी मान वर करून त्यांना भोकातून न्याहाळलं.

"अहो, हनुवटीखाली दाढी राहिलीय."

डॉक्टर लगबगीनं खिडकीच्या उजेडात गेले आणि हनुवटी वर करून उभे राहिले.

"बघ, बघ. आणखी कुठे राहिलीय?"