गंगाधरमामांची जगावेगळी शीर

लग्नाला लोक आहेर घेऊन येतात, आमचे शेजारी गंगाधरमामा कानाच्या स्कॅनची फिल्म घेऊन येतात. अक्षता पडल्या की फिल्म मांडवातल्या ट्यूबलाइटसमोर धरायची आणि पाहुण्याचा दंड पकडायचा. "हे गोल दिसायलंय ना? शीर हाय आपली. लोकायची मागं राहती, आपली पुढं आली!"

झालं असं, की मामांचा डावा कान वर्षभर वाहत होता. लातूरचे डॉक्टर म्हणाले, आत हाड सडतंय, ऑपरेशन करावंच लागेल. पण कानामागची मोठी शीर जागा सोडून पुढं सरकलीय, हाड कोरायचं नेमकं तिथंच. तिला धक्का लागला तर रक्त आवरणं अवघड. दुसऱ्यानं अंथरूण धरलं असतं. मामा अहमदपूरच्या स्टँडवर उतरले ते आमदारकीचं तिकीट मिळाल्यासारखे.

मला गाठून म्हणाले, "असली शीर क्वचित सापडती म्हणले डॉक्टर. आपलं काम साधं न्हाई, मास्तर!"

मग कंडक्टर, मोंढ्याच्या बाजारातले हमाल, कुणी म्हणून सुटलं नाही. सलीमभाई टेलरनं फिल्म उलटी धरून "माशाल्ला, क्या उम्दा रग है!" म्हटलं, तर मामांनी त्याला चहा पाजला.

फिल्म मात्र ठेवायची माझ्या घरी. "तुमच्या मामीला सांगितलंय, कानात मळ हाय. लई घाबरती ती." अख्ख्या तालुक्याला माहीत, फक्त मामीला नाही, अशी या शहाण्याची ठाम समजूत!

ऑपरेशनच्या दिवशी मी सोबत लातूरला गेलो. नातेवाइकाची सही हवी होती. मामांनी पेन माझ्या हातात कोंबला. "भाऊ म्हणून लिवा."

मी "अहो, असं कसं" म्हणतोय, तोवर दारात मामी उभ्या.

मामांचा चेहरा उतरला. "तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगायचं राहिलंय? सलीमभाईच्या बायकोनं चित्र काढून दाखिवलं मला! गावाला दाखिवता, अन् मलाच न्हाई व्हय?"

मामा खाली बघत म्हणाले, "गावाला सांगताना हसू येतंय. तुला सांगावं म्हणलं, की रडूच यायलंय."

मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

मामींनी सही केली आणि त्या पदर सावरून मामांजवळ बसल्या. "कुठं हाय ती शीर?"

मामांनी फिल्म मागितली नाही. मामींचं बोट धरून आपल्या डाव्या कानामागं टेकवलं. "हितं."

स्ट्रेचर येईपर्यंत मामींनी ते बोट काढलं नाही.