धुलाई कोणत्या रकान्यात?

एका लाँड्रीनं 'व्यवसाय' या शब्दासमोर 'तंत्रज्ञान' असं लिहिलेलं पाहून शंकासुरांनी चष्मा पुसून अर्ज पुन्हा वाचला. हे त्यांचं खरं नाव नव्हे. वीस वर्षं ते उद्योगांची वर्गवारी संशयानं तपासत आले होते, म्हणून कचेरीनं ते त्यांना बहाल केलं होतं. यंदा सरकारी उद्योग-यादीत तंत्रज्ञानाला स्वतंत्र विभाग द्यायचं ठरलं, आणि जो तो त्यात घुसायला निघाला होता.

"साहेब, ही शुद्ध लबाडी आहे. कपडे धुणार आणि म्हणे तंत्रज्ञान!"

"मग जाऊन बघून या," साहेब म्हणाले. "सोमवारी यादी छापायला जाते. चूक निघाली तर खाली सही तुमची आहे."

लाँड्रीच्या पत्त्यावर दोन टेबलं, तीन संगणक आणि एक शांत मालकीणबाई होत्या.

"मशिनं कुठं आहेत?"

"नाहीत."

"कपडे?"

"तेही नाहीत. आम्ही नुसतं ॲप चालवतो. गिऱ्हाईक ॲपवर सांगतं, आमची गाडी कपडे उचलते आणि धुणाऱ्या बायकांच्या घरी पोचवते."

"कोणत्या बायका?"

"नावं नाही सांगता येणार. तसा शब्द दिलाय त्यांना."

शंकासुरांनी कान टवकारले. शब्द दिलाय म्हणजे पाणी मुरतंय. त्यांनी मागच्या खोलीत डोकावून पाहिलं, न्हाणीघराचं दार उघडलं, तिथली बादली उचलून हुंगलीसुद्धा. बादली कोरडी होती. हा तर पक्का बंदोबस्त, असं त्यांच्या मनानं घेतलं.

तेवढ्यात गाठोड्यांनी भरलेली लाँड्रीची गाडी दारावरून गेली. शंकासुरांनी टॅक्सीला हात केला.

"त्या गाडीच्या मागे घ्या. जरा अंतर ठेवून."

टॅक्सीवाल्यानं आरशातून त्यांना न्याहाळलं. "बायकोची भानगड का?"

"सरकारी काम आहे."

"सगळे असंच म्हणतात," टॅक्सीवाला म्हणाला आणि त्यानं सहानुभूतीनं वेग वाढवला.

गाडी शाळेला वळसा घालून शंकासुरांच्याच गल्लीत शिरली. आपल्या गल्लीतही ही कीड पोचली, या विचारानं ते संतापले. गाडी त्यांच्याच इमारतीसमोर थांबली. पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटाच्याच घरी हे धुणं चालत असणार, आता त्याला पकडायचं, असं ठरवून ते गाठोडेवाल्याच्या मागोमाग दबक्या पावलांनी जिना चढू लागले. पहिला मजला मागे पडला. दुसरा मजला गेला. तिसऱ्यावर गाठोडेवाल्यानं जी घंटा वाजवली, ती शंकासुर स्वतः रोज सव्वासहाला वाजवत.

पदर खोचलेल्या त्यांच्या बायकोनं दार उघडलं. तिच्यामागे दिवाणखान्यात दोरीवर कुणाकुणाच्या अठरा विजारी वाळत होत्या.

"अहो, आज लवकर?" तिनं विचारलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"दीड वर्ष झालं. तुम्ही यायच्या आत सगळं इस्त्री होऊन जातं."

घरात रोज साबणाचा वास यायचा, तो त्यांनी बायकोच्या टापटिपीच्या खात्यावर टाकला होता. जगात तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तपासणी लावली असती."

शंकासुर खुर्चीतल्या चादरी सरकवून टेकले आणि त्यांनी कागद बाहेर काढला. मालकीणबाईंच्या नावापुढे त्यांनी 'तंत्रज्ञान' लिहून सही केली. मग एक कोरा अर्ज घेतला. पत्ता लिहिला. व्यवसाय: लाँड्री.

"कामगार किती?" त्यांनी खालमानेनं विचारलं.

बायकोनं ओल्या चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

"दोन लिहा," ती म्हणाली. "आणि नीट पिळा."