मी पुन्हा सांगणार नाही

शिकवणाऱ्याच्या अंगी धीर असेल तर मुलांना काहीही शिकवता येतं! हे वाक्य मी अडतीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत म्हणत आलो आणि निवृत्त झाल्यापासून घरात म्हणतो. फरक इतकाच, की शिक्षकांच्या खोलीत मधेच उठून कुणी गॅस बारीक करायला जात नसे.

सध्या दर रविवारी सकाळी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत सात मुलांना संगणक शिकवतो. पडद्यावर रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, की प्रोग्राम तयार. मला स्वतःला हे सहा महिन्यांपूर्वी माझ्या नातीनं शिकवलं. हा तपशील मी वर्गात फारसा सांगत नाही. नातही त्याच वर्गात पहिल्या बाकावर बसते. वर्गात तिचं नाव शंकासुर, कारण तिला दर तीन मिनिटांनी शंका येते.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच एके दिवशी ग्रंथपालबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाई इतक्या हळू बोलतात, की ऐकणाऱ्याला आपोआप श्वास रोखावा लागतो. वाचनकक्षातून तक्रारी येत आहेत, म्हणाल्या. भिंतीपलीकडून फार आवाज येतो. पुढच्या रविवारपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर ही खोली जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांना द्यावी लागेल.

मुलांचे चेहरे उतरले. दुसरी जागा आम्हाला नव्हती. एकदा हा वर्ग आमच्या घरी भरवला होता. तेव्हा एक विद्यार्थी कपाटात सापडला आणि एक खुर्ची अजून सापडलेली नाही. बायकोनं तेव्हाच सांगून टाकलंय, "अहो, पुन्हा वर्ग घरी आणलात तर मी वाचनालयात राहायला जाईन."

तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, एक आठवडा द्या. ही मुलंच तुमच्या वाचनकक्षात शांतता आणून दाखवतील!"

योजना माझी होती, हे आधीच कबूल करतो. आमच्याकडे एक छोटी पेटी आहे. तिला आवाज ऐकू येतो आणि तिला बोलताही येतं. मुलांनी तिचं नाव कानसेन ठेवलंय. वाचनकक्षात कुणी आवाज केला, की कानसेननं त्याला गप्प करायचं. खरं-खोटं साठवणं आणि फेऱ्यांचे प्रकार, हे दोन्ही धडे एका दगडात!

शिकवण्यासाठी मी बुधवारी जादा तास ठेवला आणि बायकोची बटणांची डबी पळवली. डबीवर कागद चिकटवला, 'आवाज झाला का?' आत एकच चिठ्ठी मावते, 'खरं' नाहीतर 'खोटं'. तिसरं काही नाही. "थोडंसं खरं" वगैरे कारणं इथं चालत नाहीत, असं मी बजावलं. मग फेऱ्या, म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करणं. जिन्याच्या वीस पायऱ्या चढायच्या, ही ठरावीक फेऱ्यांची आवृत्ती. पोट भरेपर्यंत जेवायचं, ही 'जोपर्यंत'ची. आणि आमच्या घरचा नळ, जो गेले वर्षभर गळतोय, ती कायमची.

प्रोग्राममध्येही अशीच एक डबी असते. मुलांनी ठोकळे जोडले. आवाज ऐकू आला, की डबीत 'खरं' ठेव. जोपर्यंत डबीत 'खरं' आहे, तोपर्यंत बोलत राहा.

शंकासुराचा हात वर. "आजोबा, मग डबीत 'खोटं' कोण ठेवणार?"

"ते होईल गं," मी म्हणालो. घड्याळात वेळ कमी होता आणि अजून माझा आवाज ध्वनिमुद्रित करायचा होता.

"पण कधी होईल?"

"आधी पुढचं बघू."

अडतीस वर्षांत मी हजारो मुलांना सांगितलंय, की शंका पुढे ढकलू नये.

कानसेनसाठी मी माझं वर्गातलं हुकमी वाक्य दिलं. "शांत बसा! मी पुन्हा सांगणार नाही!" आवाज असा खणखणीत लागला, की ध्वनिमुद्रण करणारा मुलगा उगाचच ताठ बसला. कुणी खोडसाळ वाचक पेटी बंद करील म्हणून बटणावर चिकटपट्टीचे सहा वेढेही मीच घातले.

रविवार उजाडला. कानसेन वाचनकक्षातल्या कपाटावर विराजमान झाला. चौदा वाचक खाली मान घालून वाचत होते. ग्रंथपालबाई टेबलाशी बसून पाहत होत्या. आम्ही आठ जण दाराच्या फटीतून पाहत होतो. दहा मिनिटं टाचणी पडली नाही. मला तर वाटू लागलं, की आता कुणी आवाज केलाच नाही तर आपली पंचाईत!

तेवढ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका काकांना शिंक आली.

"शांत बसा! मी पुन्हा सांगणार नाही!" कानसेन गरजला.

काका दचकले, ओशाळले, रुमाल शोधू लागले. मी मुलांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं.

"शांत बसा! मी पुन्हा सांगणार नाही!"

काकांनी रुमाल तोंडावर दाबून धरला.

"शांत बसा! मी पुन्हा सांगणार नाही!"

"अहो, शिंकच होती," काका कपाटाला म्हणाले. कपाटानं पुन्हा बजावलं. एक आजी म्हणाल्या, आम्ही कुणी बोलत नाही, मग हा का बोलतोय? मी आत धावलो आणि सगळ्यांना हातानं खुणावून चिडीचूप केलं. आता कक्षात पानसुद्धा हलत नव्हतं. कानसेन मात्र दर चार सेकंदांनी सांगत होता, की तो पुन्हा सांगणार नाही.

मी चिकटपट्टी सोडवायला गेलो. पण नखं मी त्याच दिवशी सकाळी कापली होती! सहा वेढ्यांतला अर्धा सुटेपर्यंत वाचक एकेक करून उठले. काका तर जाताना दारापाशी मागं वळून पेटीची माफी मागून गेले.

शेवटी शंकासुरानं माझ्या हातून पेटी घेतली, स्वेटरमध्ये गुंडाळली आणि मागच्या खोलीत नेली. स्वेटरमधूनही दबक्या आवाजात दम मिळतच होता. तिनं तार जोडली, ठोकळ्यांच्या तळाशी एकच नवा ठोकळा लावला. बोलून झालं, की डबीत 'खोटं' ठेव. पेटी एकदा बोलली, पण तिला आपलाच आवाज ऐकू आला, म्हणून परत बोलली. तेव्हा नातीनं आणखी एक ठोकळा घातला, की बोलून झाल्यावर क्षणभर थांब आणि मगच ऐक.

कानसेन गप्प झाला. सगळी मुलं दाराकडे पाहू लागली. दारात ग्रंथपालबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या मागं रिकामा वाचनकक्ष.

मी गणिताचा माणूस, मांडणी लपवत नाही. चूक माझी, म्हणालो. हिनं आधीच विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. मुलांची खोली माझ्यामुळे जाऊ नये.

बाईंनी नातीला विचारलं, "तू दुरुस्त केलंस?"

"सगळ्यांनी मिळून केलं होतं," ती म्हणाली. "फक्त एक ठोकळा राहिला होता."

 बाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तक्रार मुलांची नव्हतीच. महिनाभर भिंतीतून एकच आवाज येतो. आज ओळख पटली."

खोली आमच्याकडेच राहिली. बाईंची अट एकच. कानसेन आता वाचनकक्षात नसतो, माझ्या टेबलावर असतो. परवाच्या तासाला तो अकरा वेळा बोलला. मुलं एकदाही बोलली नव्हती. ती नुसती माझा आवाज चढायची वाट पाहत होती.

घरी हा प्रकार सांगितला, तर बायकोनं एवढंच विचारलं, की ही पेटी घरी आणायला किती दिवस लागतील.

'मी पुन्हा सांगणार नाही' हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्या बाजूनं ऐकलं. आवाज खणखणीत आहे, यात वाद नाही. फक्त माणूस आपलं म्हणणं खरं करत नाही.