मुठीच्या आतलं पातं

जुन्या चाकूच्या मुठीवर एक टिचकी मारली, की पातं आत कुठवर गेलंय हे मी डोळे मिटून सांगतो! काही पाती मुठीच्या शेवटापर्यंत जातात; काही दोन बोटं आत शिरतात आणि बाहेर नुसता रुबाब करतात. माझ्याकडे असे एकवीस चाकू आहेत, सगळे उघडून पाहिलेले. परत किती जोडले, ते विचारू नका.

म्हणूनच सासू-सासरे राहायला आले तेव्हा बायकोने दम भरला, "आईचा चाकू सोडून घरातलं काय वाटेल ते उघड! आजोबांची तेवढी एकच आठवण आहे तिच्याकडे."

आजोबा पुस्तकबांधणी करायचे. त्यांचा पुठ्ठे कापायचा तो चाकू सासूबाई फक्त लोण्याला आणि केळ्याला लावत.

"अखंड पातं आहे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "बाबांनी स्वतः बसवलंय. या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

मी टिचकी मारली. आवाज पोकळ!

झालं, माझं चित्त थाऱ्यावर राहीना. पेपर उलटा धरला, खुर्चीत बसलो की उठलो, हात नुसते शिवशिवत होते! दुपारी बायको ऑफिसात, सासूबाई जरा आडव्या झालेल्या. "नुसतं बघायचं," असं स्वतःला बजावत मी मूठ गरम पाण्यात धरली. आतली लाख पाघळली आणि मूठ हातात, पातं पातेल्यात!

पात्याचं शेपूट जेमतेम दोन बोटं. उरलेल्या मुठीत काड्यापेटीतल्या काड्या, ठासून भरलेल्या!

मी बरोबर ठरलो म्हणून क्षणभर नाचलो. मग घाम फुटला. ज्या बापाचा या बाईला एवढा अभिमान, त्याने काड्या भरल्या हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

"काय चाललंय, जावईबापू?" दारात सासरे!

मी दचकलो, गरम पाणी पायावर सांडलं. "आई गं!"

"हळू! ती उठेल!" काड्या पाहून त्यांचा चेहराच उतरला. "माझ्या आहेत त्या."

"तुमच्या?"

"लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात. मलाही हीच खाज. पातं अखंडच होतं हो, काढताना माझ्या हातून शेपूट मोडलं! पस्तीस वर्षं झाली, तिला पत्ता नाही. भरा, भरा लवकर!"

आम्ही दोघं काड्या कोंबू लागलो. एक घातली की दोन बाहेर!

"भिजलेल्या काड्या धरत नाहीत," मागून सासूबाई म्हणाल्या.

सासरे मटकन स्टुलावर बसले. "तुला... कधीपासून माहीत आहे?"

"त्याच दिवसापासून! शेगडी पेटवायला घरात एक काडी उरली नव्हती. तेव्हापासून लोणीच कापतेय. कडक काही कापलं असतं तर मूठ निघून आली असती, आणि तुमचं पडलेलं तोंड मला बघवलं नसतं."

सासऱ्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

सासूबाईंनी ओट्यावरची काड्यापेटी माझ्यापुढे ठेवली. "घ्या, कोरड्या आहेत. सगळ्या लागतील."

मूठ झकास बसली! पुसून चाकू जागेवर ठेवला. बायकोला आयुष्यात कळणार नाही, अशी माझी खात्रीच होती.

संध्याकाळी ती घरी आली, चहा ठेवायला आत गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे, काड्यापेटी रिकामी कशी?"