मिस्येच्या बोटीतला गारवा

तिसऱ्या दिवशीही बोटीतलं थंड हवेचं यंत्र दहा मिनिटं घुरघुरून गप्प झालं, तेव्हा लक्ष्मणने पेचकस खाली ठेवला आणि यंत्राला मनोभावे हात जोडले. धक्क्यावर बाळाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, चंद्रिकाने, ते पाहिलं. नवरा यंत्राच्या पाया पडू लागला म्हणजे विद्या संपली.

गोष्ट त्रेसष्टच्या डिसेंबरातली, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातली. तेव्हा मॉरिशसमध्ये ज्याच्या घरी विजेचा पंखा तो मोठा माणूस. आणि इथे रिव्हिएर न्वारच्या किनाऱ्यावर एका साखर कारखान्याच्या मालकाने, ज्याला सगळे नुसतं मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणत, आपल्या बोटीत चक्क गारवा बसवून घेतला होता. नाताळला पाहुणे यायचे होते. त्याआधी यंत्र चाललं तर कारखान्याचा हंगामी वायरमन लक्ष्मण कायम होणार होता, नाही तर जानेवारीपासून घरी.

चंद्रिका कॉलेजात शिकलेली. पाण्याचं आणि विजेचं वैर तिने पुस्तकात वाचलं होतं, आणि नवरा तर समुद्रावर तरंगत तारा सोलत होता. म्हणून क्वात्र बॉर्नच्या घरून रोज सकाळच्या बसने ती डबा घेऊन येई. डबा हे निमित्त, खरं काम पहाऱ्याचं. हात कोरडे आहेत ना, हे ती दर पाच मिनिटांनी विचारी. पहिल्या दिवशी लक्ष्मणने उत्तरं दिली. दुसऱ्या दिवसापासून तो न बोलता दोन्ही हात वर करून दाखवू लागला.

पहिल्याच सकाळी सासूबाईंनी, म्हणजे अनुसयाबाईंनी, देवावरची उतरलेली फुलं तिच्या हाती दिली होती. "निर्माल्य गटारात नको गो बाय. दर्यात सोड, माझ्या लेकाच्या बोटीपाशी. कूरांचं काम हाय त्याचं, देवाचा हात असू दे." विजेला सासूबाई कूरांच म्हणत.

त्या दिवशी लक्ष्मणने खाऱ्या हवेनं गंजलेली एक तार बदलली आणि यंत्र झकास सुरू झालं. चंद्रिकाने समाधानानं फुलं बोटीच्या कडेला सोडली. दुपारी यंत्र बंद. फुलं कमी पडली असावीत, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या बसंतीकडचीही आणली. यंत्र अर्धा तास चाललं. तिसऱ्या दिवशी चार घरच्या देवांचं निर्माल्य विणलेल्या पिशवीत गच्च भरून आलं आणि यंत्र दहा मिनिटांवर आलं. तोवर लक्ष्मणने फ्यूज बदलले होते, स्टार्टर उघडला होता, एकेक तार दोनदा तपासली होती.

नेमका त्याच वेळी मिस्ये येऊन केबिनमध्ये घाम पुसत बसला. लक्ष्मणने देवाचं नाव घेऊन पुन्हा बटण दाबलं आणि कान लावला. खालचा पंप रिकाम्या पेल्यातून घोट घ्यावा तसा वाजत होता. हे यंत्र समुद्राचं पाणी ओढून स्वतःला गार ठेवायचं. पाणी थांबलं की तापून वीज तोडायचं. लक्ष्मणने पाण्याच्या वाटेवरची जाळी काढली.

जाळीत जास्वंद होती, झेंडू होता, तुळस होती. त्याने मान वर करून धक्क्याकडे पाहिलं. चंद्रिकाने बाळाकडे पाहिलं.

"हे काय?" मिस्येने विचारलं.

"शेवाळ, मिस्ये."

मिस्येने दोन बोटांनी लाल दोऱ्यानं बांधलेली दुर्वांची जुडी उचलली. "इथलं शेवाळ स्वतःला गाठ मारून घेतं?"

लक्ष्मणचा चेहरा उतरला. गेली नोकरी, हे चंद्रिकाला धक्क्यावरून दिसलं, आणि तिच्याही नकळत ती बाळाला घेऊन फळीवरून बोटीत उतरली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मिस्येशी बोलत होती. "माझी आहेत ती. यांना कूरां लागू नये म्हणून सोडत होते. यांना ठाऊक नव्हतं. घालवायचं तर मला घालवा."

तिला घालवायचं कुठून, हे मिस्येला कळेना. तेवढ्यात धुतलेली जाळी बसवून लक्ष्मणने बटण दाबलं होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. केबिन गार पडली, बाळ शिंकलं आणि चंद्रिकाने सवयीनं मिस्येला दार लावून घ्यायला सांगितलं. त्याने मुकाट्याने लावलं.

नाताळ थंडगार पार पडला. जानेवारीत लक्ष्मणच्या हाती कायम झाल्याचा कागद आला. खाली मिस्येने स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली होती: वायरमनच्या पत्नीने धक्क्यावर येऊ नये.

सासूबाईंनी साखर वाटली. देवाचा हात होता, म्हणाल्या. चंद्रिकापुढे मोठाच प्रश्न होता: आता पहारा कुठून करायचा? ती रोज संध्याकाळी पाचला लक्ष्मणची परतीची बस थांबायची तिथे जाऊन उभी राहू लागली. नवरा धडधाकट आला का हे शोधणारी तिची नजर पाहून कंडक्टर गोवर्धन वळणावरूनच हात बाहेर काढून ओरडे, "बाय, आज पण अख्खा आणलाय." सगळी बस हसे. लक्ष्मण मान खाली घालून उतरे.

पुढे बोट विकली गेली, मिस्येही गेला. आता घराघरात पंखे आहेत आणि लक्ष्मण दिवसभर पंख्याखालीच बसलेला असतो. तरी पाच वाजले की चंद्रिका स्वयंपाकघरातून विचारते, "आलात का?"

"आलो गो," तो आरामखुर्चीतून दोन्ही हात वर करून सांगतो. "अख्खा."