पळीभर तूप

“आई, कोंबडीत दही नको, तूप नको, लोणी नको. मांस आणि दूध त्यांच्यात एका जेवणात चालत नाही. कळलं ना?”

“माका शिकवतंस? वाटपाच्या कोंबडीत दही घालतं कोण?” लक्ष्मीबाईंनी खोबरं किसता किसता मुलाला गप्प केलं.

हितेंद्र गिरगावातल्या एका छोट्या टूर कंपनीत होता. इस्राएलहून वीसेक माणसांचा ग्रुप आला होता. सगळे मूळचे मुंबईचे, म्हणजे निदान त्यांचे आईबाप तरी. सगळ्यांना जेवण कोशर हवं, त्यांच्या धर्माच्या नियमांनी केलेलं. हॉटेलशी बोलणं झालं होतं. पण ग्रुपमधल्या ऐंशीच्या राहेलआजींनी हट्ट धरला, की एक जेवण परळच्या आमच्या जुन्या चाळीतच. साहेब नाही म्हणणार होते. हितेंद्र त्याच चाळीत राहणारा. त्याने घरी नुसता विषय काढला आणि तिथेच फसला.

“राहेल? चेऊलकर नर्सबाईंची राहेल?” लक्ष्मीबाई ताडकन उठल्या. “अरे, मी जन्मले तेव्हा रडलेच नव्हते. बाईंनी रात्रभर तोंडाने फुंकर घालून मला जगवलं. आई मरेपर्यंत म्हणायची, त्या माउलीला एकदा जेवू घालायचं राहिलं. तेव्हा त्यांचं काय चालतं, काय नाही, आपल्याला ठाऊक नव्हतं. आणि मग त्या देश सोडून गेल्याच. आता त्यांची लेक माझ्या दारात येऊन हॉटेलात जेवणार? काय तोंड दाखवीन मी आईला वर?”

झालं! चाळीच्या मंडळाची खोली धुऊन निघाली. नवी कोरी भांडी आली. आणि सकाळी देखरेखीला त्यांच्याच धर्माचे, भायखळ्याचे पेणकर अंकल आले. डोक्यावर गोल टोपी, खिशात दोऱ्याची रिळं. त्यांनी कोंबडीच्या भांड्यांना लाल दोरा बांधला, दूधदुभत्याच्या भांड्यांना निळा, आणि भात, वरण, भाजी, भाकरी यांच्या भांड्यांना पांढरा, कारण ते दोन्हींबरोबर चालतं. पाहुण्यांच्या उद्याच्या न्याहारीला बांधून द्यायच्या शिऱ्यासाठी त्यांनी स्वतः तुपाची बरणी आणली होती, तिलाही निळाच.

“शेगडी आमच्यातल्यानेच पेटवायची असते, मीच पेटवणार,” ते म्हणाले.

“पेटवा की. आयतं मिळालं तर कोणाला नको?”

मग पेणकर कोथिंबिरीची एकेक काडी खिडकीशी धरून बघायला लागले. एखादा किडा राहिला तर सगळं फुकट, असं त्यांचं म्हणणं. लक्ष्मीबाईंनी दोन जुड्या होईपर्यंत दम धरला. “अहो, कोथिंबीर बघताय की सून?”

“नियम आहे, ताई.”

“बरं बाबा. कोंबडीला जरा दूध काढते, तोवर...”

पेणकर उडालेच. “दूध? कोंबडीत दूध?”

“नारळाचं हो! नारळ काय गोठ्यात बांधतात? तुम्ही पेणचे ना? कोकणातल्या माणसाने असं विचारावं?”

पेणकर ओशाळले. तेवढ्यात समोरच्या दर्शनाने पाहुण्यांसाठी प्रेमाने तिसऱ्यांचं सुकं आणलं. शिंपलीतलं काहीही त्यांना वर्ज्य. पेणकर दारात कबड्डी खेळल्यासारखे हात पसरून उभे राहिले. दर्शना रुसली, तिला समजवायला हितेंद्र गेला आणि तिसऱ्या खाऊन परत आला.

दुपारी बस आली. पाऊण तासात जेवण उरकून पुढे निघायचं होतं. पेणकर पाहुण्यांना आणायला खाली उतरले. लक्ष्मीबाईंनी भाताच्या टोपावरचं झाकण काढलं. फडफडीत पांढराशुभ्र भात, वाफा येताहेत. आता लक्ष्मीबाईंच्या घरात जेवण वाढण्याआधी भातावर तूप पडतं. त्याला अन्नशुद्धी म्हणतात, त्याशिवाय ताट पुढ्यात ठेवायचं नाही. हे इतक्या वर्षांनी डोक्याला विचारून थोडंच करतात? हात गेला.

पेणकर वर आले आणि वास घेत दारातच थबकले. “ताई, हे तूप कुठून आलं?”

“भातावर घातलं ना, पळीभर. अन्नशु...” लक्ष्मीबाईंचा हात तोंडावर गेला. “अगो बाय माझे!”

“उद्याच्या शिऱ्याची बरणी फोडलीत? संपलं! हा भात आता कोंबडीबरोबर चालायचा नाही.”

“आई!” हितेंद्र किंचाळला. “एवढं घोकून घेतलं तुझ्याकडून!”

“तू कोंबडीत घालू नको म्हणालास. मी कोंबडीत घातलं?” आणि एवढं भांडून त्या रडायलाच लागल्या. “ज्या बाईंनी मला श्वास दिला, त्यांच्या लेकीचं अन्न शुद्ध करायला गेले आणि घालवून बसले. आईचं राहिलं, आता माझंही राहिलं.”

काठी टेकत राहेलआजी आत आल्या. पेणकरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. आजींनी टोपात वाकून पाहिलं.

“पळी कुठली घेतलीस गं?”

“निळ्या दोऱ्याची,” लक्ष्मीबाई हुंदके देत म्हणाल्या. “तेवढं कळतं मला.”

“पेणकर, बरणी तुम्हीच आणलेली, पळी निळी. मग बिघडलं काय? कोंबडी बाजूला ठेवा, वरण-भात वाढा. अरे, कोंबडी मला तिकडे रोज मिळते. भातावर तूप घालणारं माणूस कुठे मिळतं?” त्यांनी लक्ष्मीबाईंचा चेहरा ओंजळीत धरला. “तुला मी मांडीवर खेळवलंय. या चाळीने आम्हाला कधी परकं मानलं नाही, आई शेवटपर्यंत हेच सांगायची. मी जेवायला नाही आले गं, आभार मानायला आले.”

“आभार तुम्ही कसले मानता? ते माझं काम!” म्हणत लक्ष्मीबाई आणखीनच रडल्या.

पत्रावळींवर वरण, भात, तूप, लिंबू पडलं. सगळे बोटं चाटत जेवले. शेवटी हितेंद्रने हळूच विचारलं, “आणि कोंबडीचं काय करायचं?”

पेणकर मिशी पुसत म्हणाले, “कोंबडी आधी झाली असती, तर तुपाला सहा तास थांबावं लागलं असतं. पण तूप आधी झालंय. तोंड धुवायचं, तासभर बसायचं, मग नव्या पत्रावळीवर कोंबडी आणि भाकरी. नियमाने चालतं.”

“बघ!” लक्ष्मीबाई मुलावर गरजल्या. “आधी तूपच!”

पुढचा कार्यक्रम बुडाला. तासभर राहेलआजींनी चाळीतला एकेक दरवाजा दाखवत कोण कुठे राहायचं ते सांगितलं. मग कोंबडी झाली, बस हॉर्न मारून दमली आणि जिन्यात गळाभेटी सुरू झाल्या. आजींचा हात काही केल्या लक्ष्मीबाईंना सोडवेना. बस गेल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पेणकरांना बाजूला घेतलं.

“पेणकर, पुढच्या खेपेला मी कोंबडीच आधी वाढते. सहा तास तरी बसतील.”