सत्ताविसाव्या पानावरची कपबशी

वाचनालयातल्या गुरुवारच्या वाचकमंडळात नोएलीन पास्कोचा शब्द शेवटचा असे. टास्मानियाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात कोणती ऐतिहासिक प्रेमकथा घरी न्यायची आणि कोणत्या रहस्यकथेच्या वाटेला जायचं नाही, हे गेली बावीस वर्षं तीच सांगत होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून तिथल्या बायका सत्ताविसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपापली खूण करत. नोएलीनची कपबशी, उनाची चांदणी. ग्रंथपालबाई मुद्दामच ते पान कधी उघडत नसत.

त्या गुरुवारी उनाने एक जाडजूड खुनाची कादंबरी पुढे केली. तिचा नवरा मर्व नेहमीसारखा बाहेर गाडीत डुलक्या काढत होता. नोएलीनने पुस्तक पाहिलं आणि आपण हे वाचलेलं नाही म्हणून सांगितलं. उनाने सत्ताविसावं पान उघडलं. कोपऱ्यात कपबशी होती, वाफेसकट. मग उनाने आणखी चार पुस्तकं काढली. चारही नोएलीनला अनोळखी, आणि चारही पुस्तकांत कपबशी.

"वय झालं की होतं गं असं," उना इतक्या मायेने म्हणाली की नोएलीनला आपली आई आठवली. तीही आधी पुस्तकं विसरली होती, मग माणसं.

शनिवारपर्यंत तीन घरांतून सूप आलं. बेकरीवाली तिच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलू लागली. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. तिने ते बिनचूक केलं, पण धीर काही येईना. रविवारी ती मंडळाला राजीनामा लिहायला बसली. समोर तिचा नवरा डेस चहा ढवळत होता. समुद्रावर शेवंडं पकडणारा हा धिप्पाड माणूस आठवड्यात दहा वाक्यं बोलला तरी खूप.

"अर्धं पुस्तक परत वाचलं," ती म्हणाली, "एक ओळ ओळखीची वाटत नाही. खून डॉक्टरने केला असेल, एवढं नुसतं वाटतंय."

"डॉक्टरने नाही," डेस म्हणाला. "त्याच्या बहिणीने."

चमचा कपात थांबला.

मग सगळं बाहेर आलं. तिची पुस्तकं परत करायला गेला की तो तिच्याच कार्डावर एखादं स्वतःसाठी आणी आणि बोटीवर वाची; वाचून झालं की तिचीच कपबशी काढून ठेवी. सहा वर्षं हे चाललं होतं. प्रेमकथा त्याला जास्त आवडत. नवी खूण दिसली असती तर बायकांनी दोन दिवसांत मालक शोधला असता, आणि धक्क्यावरच्या लोकांनी त्याला जगू दिलं नसतं.

"तीन दिवस रडतेय मी, डेस. आणि तू चहा ढवळत बसलास?"

"गुरुवारी सांगतो," तो कपाकडे बघत म्हणाला. "सगळ्यांपुढे."

गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो अकरा बायकांपुढे उभा राहिला. नोएलीनला काहीही झालेलं नाही, त्या कपबश्या माझ्या आहेत, असं त्याने चर्चमध्ये बोलावं तसं सांगितलं. दीपगृहावरची प्रेमकथा सगळ्यांनी वाचावी, पण रुमाल घेऊन बसावं, असंही सुचवलं. कोणी हसलं नाही. नोएलीनला त्याचा अभिमान वाटला आणि त्याला एक ठेवूनही द्यावीशी वाटली.

उना मात्र पांढरीफटक पडली होती. तिने पिशवीतून हळूच तीन पुस्तकं काढली. तिन्हींत चांदणी होती, आणि तिने त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "भीतीने कुणाला सांगितलं नाही."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गाडीत मर्व मान खाली घालून डुलकी काढत होता. मग त्याने पान उलटलं.